सहावीच्या वर्गातलं ऊन

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावर, पोर्ट ऑड्रीच्या शाळेत नवी मुख्याध्यापिका रुजू झाली ती काखेत टोपली घेऊन. टोपलीत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे होते, आणि प्रत्येक चिमट्यावर शाळेतल्या एकेका मुलाचं नाव. एफी गिलिसने ती टोपली पाहिली आणि नवी बाई तोंड उघडायच्या आधीच तिच्या मनात पाल चुकचुकली.

एफी या शाळेत सहावीला शिकवायची. गावातल्या निम्म्या बापांना तिने भागाकार शिकवला होता आणि आता त्यांच्या पोरांना शिकवत होती. मुख्याध्यापक तिने येताना पाहिले होते आणि जातानाही. जो तो काहीतरी घेऊन यायचा. एकाने घंटेऐवजी संगीत आणलं, एकीने खुर्च्या काढून मोठाले रबरी चेंडू आणले. संगीताचं यंत्र बिघडलं, चेंडू फुटले, आणि भागाकार होता तिथेच राहिला. पण मुलांची नावं लिहिलेले चिमटे आजवर कुणी आणले नव्हते.

ओडेट सॅमसन चाळिशीची, काटकुळी, आयल मॅडम बेटाकडच्या फ्रेंच घरातली. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात तिने सगळ्या शिक्षकांना ग्रंथालयात बसवलं आणि एक कापडी फळा उलगडला. त्यावर चार चित्रं होती: ऊन, धुकं, वारा, वादळ.

"मुलं सकाळी आली की दप्तर ठेवायच्या आधी आपापला चिमटा लावतील," ती म्हणाली. "आज आपल्या आत कसं हवामान आहे तेवढंच सांगायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. मग धुकं असेल तर काय करायचं, वारा सुटला तर काय, वादळात श्वास कसा धरायचा, हे आपण शिकवायचं. बालवर्गापासून सहावीपर्यंत, सगळ्या शाळेत एकच भाषा. आणि प्रत्येक वर्गात एक कोपरा मोकळा ठेवायचा. त्याला आपण बंदर म्हणू. ज्याला सोसवत नाही त्याने तिथे जाऊन बसायचं, आणि सोसवेल तेव्हा परत यायचं."

"आणि बंदरात जागाच नसली तर?" गॉर्डी मॅकफी म्हणाला. तो खेळाचा मास्तर. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. "सोमवारी सकाळी आमच्याकडे अख्खी चौथी बुडालेली असते."

सगळे हसले. ओडेटही हसली. "शिक्षकांच्या खोलीतही एक फळा असेल," ती म्हणाली. "मुलांनी सांगावं असं वाटत असेल तर आधी आपण सांगायला हवं."

हसणं तिथेच विरलं.

"कोण रोज कुठे चिमटा लावतं," एफीने विचारलं, "त्याची नोंद कुठे जाते?"

ओडेटने टोपलीतले चिमटे उगाच सारखे केले. "कुठेच नाही," ती म्हणाली.

पण या उत्तराला लागायला नको होता तेवढा वेळ लागला, आणि एफीने ते मनात धरलं.

घरी आल्यावर तिने मर्डॉकला सगळं सांगितलं. मर्डॉक तिचा नवरा. उन्हाळ्याच्या तोंडाशी तो समुद्रात शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडायचा आणि उरलेलं वर्षभर छपरीत बसून शेवंडांचे पिंजरे दुरुस्त करायचा.

"माझा चिमटा असता तर कुठे असता गं?" त्याने सुतळी दातात धरून विचारलं.

"धुक्यात. तिथेच कुजला असता."

"मग वाईट काय त्यात? आम्ही धक्क्यावर सकाळी तेच तर विचारतो एकमेकांना. वारा कसाय आज."

"तुम्ही समुद्राचं विचारता. ही बाई घरातलं विचारतेय."

"विचारणार नाही म्हणाली ना ती?"

"म्हणणारच. दाराशी आलेला कुणी म्हणतो का, मी घुसणार आहे म्हणून?"

मर्डॉकने सुतळीची गाठ मारली आणि दुसरा पिंजरा पुढे ओढला. या विषयात बायकोशी बोलण्यात अर्थ नाही, हे तो लग्न झाल्यापासून जाणून होता.

एफी लहान असताना गावातल्या शाळेत चर्चच्या नन शिकवायच्या. त्यातल्या सिस्टर बर्नडेटने एकदा तिला जवळ घेऊन, केसांवरून हात फिरवत विचारलं होतं, "घरी सगळं ठीक आहे ना, पोरी?" एफीने खरं ते सांगून टाकलं. बाबा बाटली घेऊन चुलीपाशी बसतो, आणि बसला की आई आम्हाला शेजारी पाठवते. त्याच रविवारी चर्चमधले फादर घरी आले. बाबाने त्यांना चहा दिला, मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, दारापर्यंत पोचवलं. नंतर तो एफीला रागावला नाही, मारलं तर मुळीच नाही. फक्त बर्फ वितळेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही. आई भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "शाळेत बोललेलं तुझ्याआधी घरी पोचतं, एफी. ध्यानात ठेव."

एफीने ते ध्यानात ठेवलं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी वर्गात तिने मुलांच्या हातात चिमटे दिले आणि नेहमीच्या करड्या आवाजात सांगितलं, "हे शाळेने सांगितलंय, म्हणून करायचं. पण घरची गोष्ट घरी असते. ती भिंतीवर टांगायची नसते. कळलं?"

मुलांना कळलं. सहावीची मुलं शिक्षकाच्या आवाजावरूनच उत्तर ओळखतात. एकामागून एक चिमटे उन्हावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. कोपरा मोकळा करा असं कार्यालयातून दोनदा सांगून झालं, तेव्हा एफीने तिथे एक उशी टाकली आणि उशीवर जुन्या भूगोलाच्या पुस्तकांची खोकी रचून ठेवली. "कपाटात जागा नाही," ती म्हणाली. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर तिचा स्वतःचा चिमटाही उन्हातच होता.

सप्टेंबर सरला तसा तिचा संशय घट्ट होत गेला. ओडेट वर्गांच्या दारांपाशी उभी राहायची, हातात चहाचा कप, चेहऱ्यावर काही नाही. आत यायची नाही, बोलायची नाही. एफीचं पाठमोरं अंगसुद्धा ओळखायचं की ती आली आहे. मग गॉर्डीने बातमी आणली. तळघरातल्या बॉयलरपाशी एक परका माणूस टेप धरून मोजमाप करत होता. कोण तुम्ही, असं विचारलं तर म्हणाला, विभागीय कार्यालयातून आलोय.

"बॉयलर बदलणार असतील," एफी म्हणाली.

"बॉयलर बदलणारा माणूस व्यायामशाळेची लांबी कशाला मोजेल?" गॉर्डीने आवाज खाली आणला. "पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत वर्ग रिकामे आहेत, एफी. आपलं दुकान तिकडे हलवायचं चाललंय. आणि त्यासाठी कारण नको का? या शाळेतली पोरं बघा, रोज अर्ध्यांच्या आत वादळं. ही शाळा त्यांना झेपत नाही. झालं."

एफीने त्याला गप्प केलं खरं, पण ती गोष्ट तिच्या डोक्यात काट्यासारखी रुतली. ऑक्टोबरात एकदा ती वर्गाच्या किल्ल्या परत द्यायला कार्यालयात गेली, तेव्हा ओडेटचं दार लोटलेलं होतं. आत ती फोनवर फ्रेंचमध्ये हळू आवाजात बोलत होती. एफीचं फ्रेंच जेमतेम दुकानापुरतं. पण दुकानाच्या दारावरची पाटी तिला वाचता येत होती, आणि त्या पाटीवरचा 'बंद' हा शब्द तिने दाराआडून दोनदा ऐकला. तिचं पाऊल वाजलं तशी ओडेट बोलायची थांबली.

आता एफीला सगळं लख्ख दिसायला लागलं. बाई गोड बोलून आली आहे, गोड बोलून कुलूप लावून जाणार. मग तर सहावीच्या फळ्यावर ढगाचा एक तुकडाही दिसता कामा नये.

नोव्हेंबर लागला तेव्हा ओडेट शाळा सुटल्यावर तिच्या वर्गात आली. फळ्यासमोर उभी राहिली.

"एफी, तुमच्या वर्गात रोज ऊनच असतं."

"माझी मुलं सुखी आहेत."

"सगळी?"

"भागाकार येतो त्यांना. भागाकार आला की माणूस सुखी असतो."

ओडेटने हसायचा प्रयत्न केला. "केप ब्रेटनमध्ये नोव्हेंबरात एवढं ऊन मी पहिल्यांदा बघतेय."

"तुमच्या कागदावर वादळं कमी पडतायत का?" एफीने विचारलं.

"कसला कागद?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

ओडेट तिच्याकडे बघत राहिली. काहीतरी ओठांवर आलेलं तिने गिळलं, हे एफीला स्पष्ट दिसलं. मग ती खोक्यांनी भरलेल्या कोपऱ्याकडे वळली, त्यांच्यावरून एक नजर फिरवली आणि गेली. एफीच्या मते हे गुन्हा कबूल केल्यातच जमा होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात विभागीय कार्यालयातून पाहुणे यायचे ठरले. ते सगळे वर्ग बघणार होते. त्या दिवशी सकाळी बाहेर ओलं बर्फ पडत होतं, मुलं बूट आपटत आत येत होती, आणि एफी दारात उभी राहून एकेक चिमटा उन्हावर बसताना बघत होती. शेवटी आली कॅसी डूसेट.

कॅसी तिसऱ्या रांगेत बसणारी, न बोलता सगळं वेळेवर करणारी मुलगी. तिचा बाप लिओ देशाच्या पार पश्चिमेला, आल्बर्टात, तेलाच्या खाणींवर वेल्डिंगचं काम करायचा. महिन्यातले बरेचसे दिवस तिकडे आणि थोडे इकडे, जशी गावातल्या पुष्कळ बापांची गत. कॅसीने दप्तर खांद्यावर तसंच ठेवून आपला चिमटा उचलला, फळ्यासमोर क्षणभर थांबली आणि तो वादळात लावला. मग जागेवर जाऊन बसली.

सगळ्या फळ्यावर तो एकटाच चिमटा तिकडे कोपऱ्यात. एफीच्या मनात आधी कॅसीचा विचार आलाच नाही. कालच तिने या पोरीला मधल्या सुट्टीत ओडेटशी बोलताना पाहिलं होतं. आज पाहुणे, आणि आजच वादळ. एवढा योगायोग एफीच्या पचनी पडण्यातला नव्हता. बाईने पोरीला पढवून पाठवलंय, तिला वाटलं.

मुलं वह्या काढत होती. एफी फळ्यापाशी गेली, धूळ पुसल्यासारखं करत तिने कॅसीचा चिमटा काढला आणि उन्हात नेऊन लावला. वळली तेव्हा कॅसी तिच्याकडेच बघत होती. एफीने भुवई उंचावली. कॅसीने मान खाली घालून वही उघडली.

पाहुणे आले. एक टाय लावलेला गृहस्थ आणि एक बाई, दोघांच्याही बुटांतून बर्फाचं पाणी गळत होतं. ओडेट त्यांच्या मागे. गृहस्थ फळ्यासमोर थांबला. "अरे वा, इथे तर सगळं छानच आहे," तो म्हणाला आणि पुढे गेला. ओडेट एकदा फळ्याकडे बघून त्यांच्या मागे गेली. आपण हिला मात दिली, असं एफीला वाटलं, आणि सकाळभर तिने फार उत्साहाने शिकवलं.

मधल्या सुट्टीनंतर कॅसीची जागा रिकामी होती.

आधी एफीने मुलींना शौचालयात पाठवलं. नाही. आरोग्याच्या खोलीत नाही. ग्रंथालयात नाही. तिचं जाकीट खुंटीवर होतं, पण बूट जागेवर नव्हते. एफीने वर्ग गॉर्डीच्या हवाली केला आणि कार्यालयात जाऊन सांगितलं. ओडेटने पाहुण्यांना बसायला सांगितलं, भोंग्यावरून कॅसीचं नाव पुकारलं, सेवकाला मागच्या मैदानात धाडलं.

"ती कुठे जाईल, काही अंदाज?" तिने विचारलं.

शाळेमागची वाट सरळ धक्क्यावर उतरायची. एफीने उत्तरही दिलं नाही. अंगावर स्वेटर होतं तेवढ्यावरच ती निघाली. वाट निसरडी, वारा तोंडावर, धक्क्याच्या फळ्यांवर बर्फाचा चिखल. होड्या हिवाळ्यासाठी वर ओढून ठेवलेल्या. त्यांच्यामध्ये, त्यांच्या खाली, ती वाकवाकून बघत गेली. मग ती धक्क्याच्या टोकाशी जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली. काळं पाणी आणि त्यावर बर्फाचा पातळ थर. तिला तिथे उभं राहवेना आणि तिथून हलवेना.

मर्डॉक छपरीतून पळत आला. त्याने स्वतःचं जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं.

"कोण हरवलंय?"

"लिओ डूसेटची पोर."

"इथे नाही आली. मी सकाळपासून दार उघडं टाकून बसलोय, माझ्यासमोरून मांजरसुद्धा गेलेलं नाही." त्याने तिचं कोपर धरलं. "एफी, चल. पाण्याकडे बघू नकोस. इथे नाही ती."

"मी तिचा चिमटा हलवला, मर्डॉक."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. "बरं," तो म्हणाला. "चल आधी."

ती दोघं चढ अर्धा चढून आली तेव्हा शाळेचा सेवक वरून हात हलवत होता. सापडली होती.

कॅसी शाळेबाहेर गेलीच नव्हती. ती बालवर्गात होती. पाच वर्षांच्या पोरांच्या बंदरात, एका बुटक्या तंबूत, पाय बाहेर काढून बसलेली. बालवर्गाच्या बाईंनी तिला येताना पाहिलं होतं. पण बंदरात आलेल्याला विचारायचं नाही असा नियम, म्हणून त्यांनी विचारलं नाही. गोष्टीच्या वेळी त्या भोंगा बंद ठेवायच्या, म्हणून पुकाराही ऐकू आला नाही. सगळे वर्ग पालथे घालत ओडेट तिथे पोचली, तेव्हा तिला आधी बूटच दिसले.

एफी आली तेव्हा ओडेट दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी आत गेले नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा. तुमची विद्यार्थिनी आहे."

एफी तंबूशेजारी जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. आजूबाजूला चिमुरडी पोरं रंगीत खडूंनी काहीबाही गिरबटत होती. त्यांना या मोठ्या माणसांशी काही देणंघेणं नव्हतं.

"तुम्ही माझा चिमटा हलवलात," कॅसी आतून म्हणाली.

"हो."

"का?"

एफीपाशी सांगण्यासारखं बरंच होतं: पाहुणे, पूल, बॉयलर. त्यातलं एकही या तंबूपाशी सांगण्याच्या लायकीचं नव्हतं. तरी तिच्या तोंडून गेलंच, "काल मॅडम सॅमसननी तुला काही विचारलं होतं का? मधल्या सुट्टीत?"

"विचारलं."

"काय?"

"माझे हातमोजे कुठे आहेत."

एफीने जाकीट अंगाभोवती ओढून घेतलं.

"तुम्ही म्हणालात घरची गोष्ट सांगायची नाही," कॅसी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, रडका नव्हता. "मी सांगणारच नव्हते. आईने पण सांगितलंय, कुणाला सांगायचं नाही. मी काय सांगितलं? मी फक्त वादळ म्हटलं. त्यात काय झालं ते थोडंच कळतं कुणाला? मला फक्त कुठेतरी बसायचं होतं. आपल्या वर्गात तिथे पुस्तकं आहेत."

एफीला सिस्टर बर्नडेटचा हात आठवला, आणि त्या हाताखाली आपण कसं भडाभडा सगळं ओतलं ते आठवलं. तेव्हा 'वादळ' एवढं एकच म्हणता आलं असतं तर. काही न सांगता, नुसतं एवढंच. फादर घरी आले नसते, आणि तरी शाळेत तिची अवस्था ओळखून कुणी तिला त्या दिवशी फळ्यासमोर उभं करून गणित घातलं नसतं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "मी हलवायला नको होता."

कॅसीने तंबूतून डोकं बाहेर काढून तिच्याकडे नीट पाहिलं. मिसेस गिलिसच्या तोंडून असलं वाक्य सहावीत कुणी ऐकलं नव्हतं. बाई खरं बोलतेय की समजूत काढतेय, हे ती जोखत होती.

"मी अजून बसू?"

"बस. मीपण बसते. माझे पाय गारठलेत."

पाहुणे गेले, शाळा सुटली, बसगाड्या निघून गेल्या. एफी ओडेटच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सकाळचं सगळं सांगून टाकलं. ओडेटने ऐकून घेतलं. रागावली नाही. एफीला रागावलेली परवडली असती.

"आता मी विचारते," एफी म्हणाली. "शाळा बंद होणार आहे का?"

ओडेट खिडकीपाशी गेली. बाहेर गॉर्डी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होता. "विचार चालू आहे," ती म्हणाली. "मला ऑगस्टपासून माहीत आहे. नेमणूक देताना त्यांनी सांगितलं, आणि ठरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असंही बजावलं. माझ्या बहिणीशिवाय कुणाशी बोलले नाही मी. तिच्यापाशी फोनवर रडायचे."

"म्हणजे माझा संशय खोटा नव्हता."

"नव्हता."

"आणि हे चिमटे? हे कुणी पाठवले?"

"कुणी नाही. चिमटे माझे आहेत. नावं मी स्वयंपाकघरात बसून लिहिली. त्यांना तर हे पोरकटपणाचं वाटतं." ती वळली. "मी लहानपणी चावायचे, एफी. दहा वर्षांची होईपर्यंत. बहिणीला, शेजारच्या पोरांना, एकदा तर दंतवैद्याला. सगळं गाव मला कुत्रं म्हणायचं. मला कुणी असं काही दिलं नव्हतं, की बाई, चावण्याऐवजी या चित्रावर बोट ठेव."

एफीला हसू आलं आणि तिने ते दाबलं. "तुमचा चिमटा रोज उन्हात असतो," ती म्हणाली. "ऑगस्टपासून."

"तुमचाही."

एफीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. "लोकांना सांगायला हवं," ती म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. तुमच्यावर बालंट येऊ देणार नाही. गॉर्डीने मोजमाप पाहिलंय, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी तिने खोकी तळघरात हलवली आणि वर्गाला म्हणाली, "काल मी एकाचा चिमटा हलवला. कुणाचा, ते सांगणार नाही. ती माझी चूक होती. आता कुणी कुठेही लावा, मी हात लावणार नाही."

मुलांनी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. का ठेवावा? दोन दिवस फळ्यावर ऊनच राहिलं. मग रोरी मॅकिनिसने, तिच्याकडे रोखून बघत, आपला चिमटा वादळात लावला.

"मिसेस गिलिस, माझ्यात वादळ आहे."

"दिसतंय. बंदरात जा."

"खरंच जाऊ? गणिताच्या तासाला?"

"जा. सोसवेल तेव्हा ये."

तो गेला, थोडा वेळ उशीवर लोळला, कंटाळला आणि परत आला. त्यानंतर हळूहळू चिमटे पांगले. कुणी वाऱ्यात, कुणी धुक्यात. खोटं लावणारेही होते, आणि ते एफीला ओळखू यायचे. श्वास मोजायच्या प्रकारावर तिचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. मुलांबरोबर ती मोजायची, पण डोळे उघडे ठेवून.

चर्चच्या सभागृहात गावाची सभा भरली. विभागीय कार्यालयातून टायवाला गृहस्थ आला, लोकांनी त्याला उभा-आडवा घेतला. एफीही बोलली, आणि तिचा आवाज इतका चढला की मर्डॉकने तिच्या कोटाचं टोक ओढलं. नाताळनंतर निकाल आला. शाळा राहणार होती, पण सहावी पुढच्या वर्षी पुलापलीकडे जाणार होती. ओडेटने एफीला दुसरीचा वर्ग देऊ केला. एफी म्हणाली, विचार करते. मर्डॉकने विचारलं, आता तरी त्या बाईवर भरवसा बसला का तुझा, तेव्हाही ती तेच म्हणाली.

कॅसी जानेवारीच्या अखेरीस शाळा सोडून गेली. लिओ आल्बर्टाहून परत येणार नव्हता. तिकडे त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं. हे सगळ्या गावाला दुकानाच्या रांगेत कळलं, आणि एफीलाही तिथेच कळलं. डेनीस, कॅसीची आई, पोरीला घेऊन आपल्या आईकडे शेटिकँपला निघाली होती. ती कॅसीचं सामान न्यायला आली तेव्हा वर्ग रिकामा होता. कॅसी गाडीत बसून होती.

डेनीसने स्केटचे बूट, चित्रांची गुंडाळी, एक जुनं स्वेटर पिशवीत भरलं. मग ती फळ्यासमोर उभी राहिली आणि चिमट्यांवरची नावं वाचू लागली. कॅसीचा चिमटा तिने काढून हातात घेतला. तो धुक्यात होता.

"हे काय असतं, ते ती मला सांगत नाही," डेनीस म्हणाली. "तिने तुम्हाला काय काय सांगितलं, मिसेस गिलिस?"

"काहीच नाही."

"इतके दिवस रोज इथे काहीतरी लावत होती, आणि काहीच नाही?"

"काहीच नाही, डेनीस. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही."

डेनीस तिच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे बारीक झाले होते आणि जबडा आवळलेला. तिचा या शब्दावर विश्वास बसला नव्हता, बसणारही नव्हता. एफीने आणखी काही समजावलं नाही. तिने स्केटची जड पिशवी उचलली. "हिवाळ्यात तुमच्याकडे तळं गोठतं ना चांगलं?" असं विचारत ती डेनीसच्या पुढे जिन्याने उतरू लागली. चिमटा डेनीसने खिशात टाकला आणि ती मागून आली.